उतारावर खडखडणारी बॅटरी: फोम कोंबण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इलेक्ट्रिक सायकलच्या डाउनट्यूबवर, म्हणजे हँडलच्या खालून पेडलकडे तिरक्या उतरणाऱ्या फ्रेमच्या नळीवर, बाहेरून बसवलेली, चावीच्या कुलपाची 36 व्होल्टची बॅटरी. दीड वर्ष बाइक उत्तम चालली. आता पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून दगडांतून खाली येताना बॅटरी खडखडते. दुकानात बॅटरी आणि ती ज्या प्लेटवर बसते (फ्रेमला बोल्टने लावलेली बैठक) त्या प्लेटच्या मधे फोम कोंबून दिला. आठवडाभर आवाज गेला, मग परत आला, आणि आता मोठ्या खड्ड्यात मोटर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होते. काय करावं, आणि तोवर बाइक चालवावी का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. धक्क्यासरशी मोटर बंद पडायला लागली असेल तर ती बाइक टेकडीवर नेऊ नका. नुसती खडखड असती तर मी म्हणालो असतो, जपून चालवा आणि सवडीने बघा. पण मोटर तुटकतुटक चालतेय याचा अर्थ बॅटरी आणि प्लेट यांच्यामधल्या पिनांचा संपर्क सुटतोय. तिथून सगळा प्रवाह जातो, आणि तिथे होणारं नुकसान आवाजासारखं ऐकू येत नाही.

हे नुकसान कसं होतं ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप पटतं. पिनांवर पातळ मुलामा असतो. बॅटरी अर्धा मिलीमीटर जरी मागेपुढे हलत राहिली तरी पिना एकमेकींवर घासत राहतात. मुलामा झिजतो, खालचा धातू उघडा पडतो, त्यावर ऑक्साइडचा काळपट थर धरतो. मेकॅनिक मंडळी याला 'कार्बन धरलाय' म्हणतात. या थराने तिथला विद्युतरोध वाढतो. चढावर 36 व्होल्टचा कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारं सर्किट) 15 अँपिअर सहज ओढतो. चांगल्या पिनेचा रोध 1 मिलिओहम धरला तर तिथे पाव वॅटपेक्षा कमी उष्णता होते, कळतही नाही. तोच रोध 50 मिलिओहम झाला की 15 गुणिले 15 गुणिले 0.05, म्हणजे 11 वॅटच्या वर. छोटा सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचा असतो. त्याची जवळजवळ निम्मी उष्णता एका बोटभर प्लास्टिकच्या खोबणीत कोंडली जाते. प्लास्टिक मऊ पडतं, पिन वाकडी होते, संपर्क आणखी ढिला होतो आणि उष्णता आणखी वाढते. त्यातच धक्क्याने संपर्क सुटताना बारीक ठिणगी पडते आणि पिनेवर खड्डे पडतात. फोमने आवाज दबला, पण हे चक्र थांबलं नाही. म्हणून फोमवर माझा राग आहे.

माझं म्हणणं एकच आहे: जो भाग भार धरतो तो आधी घट्ट करायचा, आणि मगच उरलेली फट रबराने भरायची. हा क्रम उलटा केला की रबर किंवा फोमच भार घ्यायला लागतो. त्याचं ते काम नाही, म्हणून तो दबतो आणि आठवड्याभरात आवाज परत येतो. तुमच्याकडे हेच झालंय.

आता बाइककडे वळू. सगळ्यात आधी आवाज बॅटरीचाच आहे याची खात्री करा. बॅटरी काढून बाजूला ठेवा आणि त्याच दगडी तुकड्यावरून नुसत्या पेडलवर बाइक न्या. आवाज पूर्ण गेला तर बॅटरी किंवा तिची बैठक. राहिला तर दुसरं काहीतरी आहे, आणि अशी चोर ठिकाणं बरीच आहेत. डिस्क ब्रेकचे पॅड कॅलिपरमधे, म्हणजे त्यांना धरणाऱ्या पकडीत, खुळखुळतात. ब्रेकचा लिव्हर अगदी हलका दाबला आणि आवाज थांबला तर तेच कारण. नळीच्या आतून जाणारी केबल आतल्या भिंतीवर आपटते, आणि तो आवाज हुबेहूब बॅटरीसारखा येतो. हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला असेल तर पुढचा ब्रेक दाबून बाइक मागेपुढे ढकलल्यावर हाताला ठोका लागतो. चार्जिंगच्या तोंडावरची रबरी टोपी लटकत असेल, कुलपात चावी जुडग्यासकट राहिली असेल, तेही बघा. तुमची मोटर चाकात नसून पेडलपाशी असेल तर आणखी एक गोष्ट: पाय न मारता दगडांवरून उतरताना काही मोटरच्या आतला फ्रीव्हील (एकाच दिशेने पकडणारा भाग) 'टकटक' करतो. पेडलवर थोडा दाब ठेवला की तो गप्प होतो. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

बॅटरीच आहे असं ठरलं की ती परत बसवा, कुलूप लावा आणि कोणाला तरी हँडल धरायला सांगा. एका हाताची बोटं बॅटरी आणि प्लेट यांच्या फटीवर टेकवा, दुसऱ्या हाताने बॅटरी हलवा. आधी नळीच्या लांबीच्या दिशेने वरखाली, मग डावीउजवीकडे, मग फ्रेमपासून बाहेर उचलल्यासारखी, आणि शेवटी पिळल्यासारखी. फटीवरच्या बोटांना जे कळतं ते डोळ्यांना दिसत नाही. आता बोटं प्लेट आणि फ्रेम यांच्या फटीवर ठेवून हेच सगळं पुन्हा करा. या दुसऱ्या वेळी हालचाल जाणवली तर बॅटरी आणि प्लेट दोन्ही मिळून फ्रेमवर डुलताहेत, म्हणजे बोल्ट. फक्त पहिल्या वेळी जाणवली तर प्लेट घट्ट आहे आणि बॅटरी तिच्यावर हलतेय, म्हणजे कुलूप, खाचा किंवा रबर. दोन मिनिटांची ही तपासणी केल्याशिवाय कोणी पट्टी-फोम काढायला लागला तर त्याला थांबवा.

बाहेरून बसवलेल्या बॅटरीत बहुतेक वेळा बोल्टच निघतात. कारण सोपं आहे. ही प्लेट ज्या दोन छिद्रांवर बसते ती मुळात पाण्याच्या बाटलीसाठीची छिद्रं. त्यांच्यातलं अंतर 64 मिलीमीटर. त्यावर भरलेली बाटली म्हणजे पाऊण-एक किलो. तिथे आपण तीन किलोच्या आसपासची, फूटभराहून लांब बॅटरी टांगतो. तिची दोन्ही टोकं बोल्टच्या पलीकडे अधांतरी असतात. दगडावरून आदळताना गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट धक्का बसला तर तीन किलोची बॅटरी त्या क्षणाला 15 किलोच्या ओझ्यासारखी ओढते, तेही टोकाकडून, तरफेसारखी. डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकणारी जोडणी टेकडीवर काही महिन्यांत ढिली पडते ती यामुळे.

बॅटरी काढा, आधी तिचा स्वतःचा स्विच असेल तर तो बंद करून. दुकानातला फोम काढून टाका. प्लेटमधले बोल्ट दिसतील. ते एम5 मापाचे असतात. डोकं उंच असेल तर 4 मिलीमीटरची अ‍ॅलन की लागते, चपटं किंवा घुमटाकार असेल तर बहुधा 3 ची. नुसते पिळून घट्ट करून सोडू नका. पूर्ण बाहेर काढा, आटे बघा. आट्यांत चिकटलेला अ‍ॅल्युमिनियमचा चुरा किंवा पांढरट पूड दिसली तर फ्रेममधल्या नटाचे आटे जायला लागलेत. फ्रेमच्या आत जो नट असतो तो रिव्हनट, म्हणजे पातळ नळीत दाबून फुगवून बसवलेला. बोल्ट पिळताना तो नुसताच गरगर फिरत असेल तर रिव्हनट सुटलाय. तो तसाच ओढून बसवता येत नाही. रिव्हनटच्या हत्याराने पुन्हा दाबावा लागतो किंवा कापून नवीन टाकावा लागतो, आणि हे काम हत्यार असलेल्या दुकानातच करून घ्या. डाउनट्यूबला नवं छिद्र पाडून तिसरा बोल्ट मारू देऊ नका. ती नळी बाइकमधली सगळ्यात जास्त ताण घेणारी नळी आहे. छिद्रापासून चीर सुरू होते, आणि वॉरंटीही जाते.

आटे चांगले असतील तर बोल्ट आणि रिव्हनट पेट्रोलने नव्हे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. निळ्या, म्हणजे मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एकच थेंब बोल्टच्या टोकाकडच्या आट्यांवर लावा. लाल नको, तो पुढे सोडवायला तापवावं लागतं, आणि प्लास्टिकच्या शेजारी तापवणं म्हणजे नवं संकट. एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: थ्रेडलॉकर एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकना खातो. प्लेट बहुधा अशाच प्लास्टिकची असते. ओघळलेला थेंब प्लेटवर राहिला तर काही दिवसांत बोल्टच्या भोवती केसासारख्या चिरा पडतात. म्हणून थेंब कमी घ्या, आणि बाहेर आलेला लगेच पुसा. आपल्या पावसाळ्यात या थेंबाचा दुसरा फायदा होतो. स्टीलचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचा नट ओल्यात एकत्र आले की नट गंजतो. थ्रेडलॉकर आट्यांतली फट बंद करतो आणि पाणी आत शिरत नाही. कोकणात किंवा गोव्यात खाऱ्या हवेत बाइक ठेवणाऱ्यांनी तर हे टाळूच नये.

बोल्टच्या डोक्याखाली रुंद वॉशर असू दे, म्हणजे दाब प्लास्टिकच्या मोठ्या भागावर पसरेल. मात्र डोकं प्लेटच्या वर येऊन बॅटरीच्या तळाला लागता कामा नये. असं डोकं बॅटरीला खालून ढकलत राहतं, आणि कुलूप लागलेलं असूनही ती एका बाजूला उचललेली राहते. खडखडीचं हे कारण मी वारंवार बघतो, विशेषतः मूळ चपटा बोल्ट हरवला म्हणून हाताला येईल तो बोल्ट मारलेला असतो तेव्हा. घट्ट किती करायचं? फ्रेमच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच. नसेल तर 3 ते 5 न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच पिळणारा पाना) नसेल तर अ‍ॅलन कीची लांब बाजू बोल्टमधे घाला आणि आखूड बाजूला दोन बोटांनी पिळा. पूर्ण मुठीचा जोर लावला की रिव्हनट फिरलाच म्हणून समजा. रात्रभर तसंच राहू द्या, थ्रेडलॉकर त्या वेळात धरतो.

बोल्ट घट्ट असूनही प्लेटचं वरचं टोक बोटाने उचलता येत असेल तर तिथे आधार हवा. प्लेटच्या टोकाशी आणि नळीच्या मधे रबराचा तुकडा बसवून त्यावरून रबरी अस्तराचा क्लॅम्प घेता येतो. हे फक्त अ‍ॅल्युमिनियम किंवा स्टीलच्या फ्रेमला. कार्बनच्या नळीला धातूचा पट्टा आवळायचा नाही. तिथे जाड रबरी ताणपट्टा बॅटरी आणि नळी दोन्हींना मिळून गुंडाळा. खरं तर टेकडीवर जाणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या बॅटरीला असा एक पट्टा असावाच असं माझं मत आहे. कुलूप सुटलं तर वेगात असताना पुढच्या चाकाच्या मागे तीन किलोचा ठोकळा पडू नये, एवढ्यासाठी. पट्टा ब्रेकच्या नळ्या आणि गिअरच्या केबल दाबत नाही ना, आणि पेडलच्या आड येत नाही ना, एवढं बघा.

आता दुसरी शक्यता, म्हणजे प्लेट घट्ट पण बॅटरी तिच्यावर हलते. इथे पहिलं काम झाडलोट. सह्याद्रीची बारीक काळी कच प्लेटच्या खाचांत आणि कुलपाच्या खोबणीत जाऊन बसते, त्यावर पावसाळ्यातला चिखल सुकतो, आणि बॅटरी शेवटचे दोन मिलीमीटर आत सरकतच नाही. कुलूप लागल्यासारखं वाटतं, पण त्याची जीभ अर्धीच खाचेत गेलेली असते. कोरड्या टूथब्रशने खाचा मोकळ्या करा, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. पाण्याचा फवारा मारू नका. कुलपात तेलकट स्प्रेऐवजी ग्रॅफाइटची पूड घाला. तेल कच धरून ठेवतं. मग बॅटरी बसवताना जीभ पडल्याचा स्पष्ट 'टक' ऐका, आणि चावी काढल्यावर बॅटरी पूर्ण जोराने ओढून बघा. नुसत्या झाडलोटीने निम्मं गाऱ्हाणं मिटलेलं मी पाहिलंय.

त्यानंतरही ती लांबीच्या दिशेने हलत असेल तर कुलपाची जीभ किंवा बॅटरीवरची तिची खाच झिजलीय. जीभ धातूची आणि खाच प्लास्टिकची असेल तर झीज खाचेत होते आणि ती गोलसर होते. भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघा. थोडी झीज असेल तर बॅटरीचं जे टोक कुलपाच्या विरुद्ध बाजूला टेकतं तिथे पातळ रबर लावून बॅटरीला कुलपाकडे ढकलून ठेवता येतं. पण पिना त्याच टोकाला असतात. रबर इतकं जाड झालं की पिना पूर्ण आत जाणार नाहीत, तर औषधापेक्षा रोग बरा. फारच झीज असेल, खाचेची कड तुटली असेल, तर कुलूप बदला किंवा बॅटरीचं वरचं आवरण कंपनीकडून बदलून घ्या. इथे जुगाड करू नका.

आडवी हालचाल, डावीउजवीकडची, ही मात्र रबराने भरायची जागा. फट किती आहे ते अंदाजाने ठरवू नका. मुलांची खेळायची माती घ्या, हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा, प्लास्टिकच्या पातळ पिशवीच्या तुकड्यात गुंडाळा आणि प्लेटवर चार ठिकाणी ठेवा. पिनांपासून लांब. बॅटरी बसवून कुलूप लावा, परत काढा. गोळ्या जेवढ्या दबून उरल्या तेवढी तिथली फट. मोजमापाच्या व्हर्निअर कॅलिपरने मोजा. चारही ठिकाणी सारखी फट क्वचितच असते, आणि म्हणूनच सगळीकडे एकच पट्टी चिकटवून उपयोग होत नाही. घट्ट रबर घ्यायचं असेल तर फटीएवढं, मऊ निओप्रीन (फोमसारखं दबणारं रबर) घ्यायचं असेल तर फटीपेक्षा चतुर्थांशाने जाड. सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर साधारण एक मिलीमीटरच्या आत-बाहेर भरतं आणि या कामाला फार छान. ते पाणी पीत नाही आणि पटकन दबत नाही. चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणारी चांगली टेप घ्या. जागा आधी अल्कोहोलने पुसली नाही तर दुपारच्या उन्हात टेप सरकेल.

काय वापरायचं नाही तेही सांगतो. पुठ्ठा आणि स्पंज पाणी धरून ठेवतात, आणि जून ते सप्टेंबर ते पाणी पिनांच्या शेजारी बसून राहतं. एम-सील आणि फेविक्विक लावलेली बॅटरी पुढे काढताना आवरण फुटतं. थर्माकोलचा भुगा होतो आणि तो कुलपात जातो. प्लेटच्या तळाशी पाणी निघून जायला छिद्र असेल तर ते कशानेही बुजवायचं नाही.

बॅटरी बसवताना हलका जोर लागावा आणि चावी विनासायास फिरावी. ठोसा मारून बसवावी लागत असेल तर रबर जास्त झालंय. असा सततचा दाब आवरणाच्या सांध्यावर येतो, आणि सांधा उघडला की पाणी थेट सेलपर्यंत जातं.

आता पिना. तुमच्या बाबतीत मोटर बंद पडतेय, म्हणून हा भाग टाळू नका. विजेरीच्या उजेडात दोन्ही बाजू बघा, प्लेटवरची आणि बॅटरीवरची. चकचकीत असतील तर अल्कोहोलमधे किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून पूर्ण वाळू द्या. काळपट डाग असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर कापसावर घेऊन पुसा. सँडपेपर किंवा कानस नको, उरलेला मुलामाही त्यात जातो. पिनेवर खड्डे असतील, शेजारचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल किंवा वितळून गोल झालं असेल तर सफाईने काही होणार नाही, कनेक्टर बदलायचा. प्लेटकडचा कनेक्टर बहुतेक वेळा प्लेटसकट सुटा मिळतो आणि बॅटरीच्या किमतीच्या मानाने फार स्वस्त पडतो. बॅटरीकडची खोबण ढिली पडली म्हणून पकडीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने दाबून आवळायला जाऊ नका. तिथे जिवंत वीज असते. पूर्ण चार्ज झालेली 36 व्होल्टची बॅटरी 42 व्होल्टवर असते, आणि हत्याराने दोन टोकं एकत्र जोडली गेली तर शेकडो अँपिअरची ठिणगी पडू शकते. हे काम ज्याला त्या बॅटरीची माहिती आहे त्यानेच करावं.

ज्यांची बॅटरी बाहेर नसून फ्रेमच्या पोटात बसते त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगतो. या बॅटऱ्या जड असतात. 625 वॅट-तासांची बॉशची पॉवरट्यूब साडेतीन किलोंच्या आसपास भरते आणि 750 ची चार किलोंच्या वर. त्यांना दोन आधार असतात, एक कुलपाच्या बाजूचा आणि दुसरा केबलच्या बाजूचा. बहुतेक फ्रेममधे यातल्या किमान एका आधाराची छिद्रं लांबट असतात, म्हणजे स्क्रू सैल करून आधार थोडा सरकवता येतो. नव्या बाइकमधेही खडखड येते ती बहुधा हे अंतर एक-दोन मिलीमीटरने चुकल्यामुळे. स्क्रू सैल करा, बॅटरी आत बसवून आधार तिला टेकेल इतका सरकवा, मग घट्ट करा, बाइक बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कवरच. पुष्कळ बनवणारे या आधारांखाली घालायच्या पातळ चकत्या वेगळ्या विकतात; त्या मागा. काही वेळा बॅटरी पक्की असते आणि तिच्यावरचं झाकण वाजत असतं. झाकणाच्या कडेला वेल्क्रोची मऊ बाजू चिकटवली की तो आवाज जातो. या बॅटऱ्यांना बरेचदा सुटण्याचे दोन टप्पे असतात: चावीने कुलूप सुटतं तेव्हा बॅटरी थोडी खाली येते आणि एका अडकवणीवर थांबते, ती अडकवणी बोटाने दाबली की हातात येते. ही दुसरी अडकवणी तुटलेली असेल तर ती बदलेपर्यंत बाइक बाहेर काढू नका.

एक तपासणी मी मुद्दाम शेवटी ठेवलीय, पण ती सगळ्यांत गंभीर आहे. बॅटरी हातात घेऊन कानाशी हळूच हलवा. आतून खुळखुळ येत असेल तर इथपर्यंतचं काहीच तुमच्या कामाचं नाही. 36 व्होल्टच्या साध्या बॅटरीत दहा-दहा सेलच्या रांगा असतात. चार रांगांची असेल तर 40 सेल. ते निकेलच्या पातळ पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. आतली पकड सुटली तर सेल हलतात, पट्टी तुटते किंवा शेजारच्या पट्टीला टेकते, आणि लिथियमच्या बॅटरीला आग लागण्याचा तो थेट रस्ता आहे. अशी बॅटरी चार्जिंगला लावू नका, उघडू नका, घरात ठेवू नका. आवरणाला तडा असेल, ती फुगली असेल, गोडसर सॉल्व्हंटसारखा वास येत असेल किंवा जोरात आपटली असेल तरीही हेच. मोकळ्या जागी, जळण्यासारखं काही जवळ नसेल अशा ठिकाणी ठेवून विक्रेत्याला कळवा. भारतात 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे ती भंगारवाल्याला देण्याची गरज नाही आणि देऊही नये.

दोन सवयी लावून घ्या. गाडीच्या मागच्या रॅकवर बाइक टाकून सिंहगडाच्या पायथ्याला किंवा ताम्हिणीला नेताना बॅटरी काढून गाडीत आत ठेवा आणि प्लेटच्या पिनांवर झाकण किंवा स्वच्छ प्लास्टिकची पिशवी बांधा. रॅकवरची तासाभराची थरथरही बोल्ट सैल करते, वर पावसाचं पाणी पिनांवर. बंद गाडीत उन्हात मात्र बॅटरी सोडून जाऊ नका. दुसरं, टायरमधली हवा. दगडांवर जाताना टायर रस्त्यासारखे टणक ठेवले तर प्रत्येक ठोका सरळ फ्रेममधे जातो. टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत, आपल्या वजनाला झेपेल इतकी हवा कमी करा. बॅटरीच्या बैठकीचं आयुष्य त्यानेही वाढतं.

सगळं बसवून झालं की बोल्टच्या डोक्यावरून प्लेटवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. बोल्ट किंचित जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, हत्यार लावून बघावं लागत नाही. पहिल्या फेरीत सोपा, छोटा उतार घ्या. घरी आल्यावर बॅटरी काढून पिना हाताने बघा. कोमट असतील तर ठीक, हात टेकवत नसेल इतक्या गरम असतील तर कनेक्टर गेलाय. त्यानंतर महिन्यातून एकदा रेघ बघितली तरी पुरे, पावसाळ्यात मात्र प्रत्येक चिखलाच्या फेरीनंतर.

आणि प्लेट, कुलूप, पिना, रबर सगळं जागेवर असूनही धक्क्याला मोटर बंद पडत राहिली तर बैठकीत दोष नाही. मग प्लेटपासून कंट्रोलरपर्यंतची वायर, तिचे जोड, किंवा बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट. बाइक स्थिर उभी करून मोटर चालू ठेवा, मागचं चाक उचललेलं, आणि दुसऱ्याला ती वायर थोडीथोडी हलवायला सांगा. ज्या जागी हलवल्यावर मोटर थांबते तो जोड सर्व्हिस सेंटरला दाखवा. वायर हलवूनही काही होत नसेल तर बॅटरी त्यांच्याकडे द्या आणि 'धक्क्याला बंद होते, सपाट रस्त्यावर नाही' हे नेमकं सांगा. नाहीतर ते टेबलावर चार्ज करून, व्होल्टेज बरोबर आहे म्हणून परत देतील.